पाणवठ्यापासून पाव मैल

गेल्या अंकात मी करते त्या लावा पाखरांच्या शिकारीवर चार ओळी लिहिल्या, तर संपादकांनी या महिन्यात नेहमीपेक्षा दुप्पट जाड पाकीट धाडलं. निम्मी पत्रं रागाची आहेत. चालायचंच. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते: मी मूळची बार्शीची, १९९४ पासून अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन गावी राहते. नोकरीभर प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासलं, आता निवृत्त आहे. सहा पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : मावशी, मी पुण्यात पर्यावरणशास्त्र शिकतो. एका पाहुण्या व्याख्यात्यांनी वर्गात सांगितलं, की अमेरिकेतले वन्यप्राणी शिकाऱ्यांमुळे टिकले. मला हे ढोंग वाटतं. मारणाराच वाचवतो, हे कसं? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : ढोंग थोडं आहेच, पण तू बोट ठेवलंस तिथे नाही.

आधी पैशाचं बघ. १९३७ साली, मंदी पुरती सरलीही नव्हती तेव्हा, इथे पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के, पिस्तुलांवर १० टक्के केंद्राचा कर. तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. वाटणी कशी, तर राज्याचं क्षेत्रफळ किती आणि शिकारीचे परवाने किती जणांनी काढले यावर. मला आवडते ती त्यातली अट: परवान्यांचा पैसा राज्याने दुसरीकडे वळवला, तर केंद्राचा हिस्सा बंद. म्हणजे त्यातून कुणाला गावाकडचा रस्ता करून घेता येत नाही. अ‍ॅरिझोनाचं खातं राज्याच्या सर्वसाधारण करांवर चालत नाही. परवाने, हा कर, आणि १९९० साली मतदारांनी मंजूर केलेला लॉटरीतला वर्षाला एक कोटी डॉलरपर्यंतचा वाटा, यावर चालतं.

आता ढोंग. हल्ली हा कर भरणाऱ्यांत रान न पाहिलेले लोक खूप. पिस्तूल घेऊन कपाटात ठेवलं, रविवारी मैदानावर जाऊन पुठ्ठ्याला भोकं पाडली, झालं. आणि ‘जंगल आमच्या पैशावर चालतं’ म्हणून छाती फुगवतात ते शिकारी! दुर्बिणी गळ्यात घालून फिरणाऱ्या माझ्यासारख्यांवर असा कर नाही, ही आमचीही पळवाटच म्हण.

दुसरी गोष्ट रानमेंढ्याची. बिगहॉर्न म्हणतात त्याला. नराची शिंगं कानामागून वळून गालापर्यंत येतात. उभ्या कड्यावर जिथे खारीचाही पाय सटकेल, तिथे हा रवंथ करत उभा असतो. १९३० च्या दशकात अ‍ॅरिझोनात तो फार थोडा उरला होता. फ्रेडरिक बर्नहॅम नावाच्या, आफ्रिकेतल्या लढायांत टेहळणी करून नाव कमावलेल्या म्हाताऱ्याने १९३६ साली राज्यातल्या बालवीरांना कामाला लावलं. पोरांनी शाळाशाळांतून चित्रं काढली, भाषणं ठोकली, आणि २५ जानेवारी १९३९ ला कोफा आणि काबेसा प्रिएता ही दोन अभयारण्यं जाहीर झाली. (कोफा हा स्पॅनिश शब्द नव्हे. ‘किंग ऑफ अ‍ॅरिझोना’ नावाची सोन्याची खाण होती, तिच्या नावाचं हे लघुरूप.)

आजही एक नर मारायचा परवाना, म्हणजे टॅग, सोडतीत मिळतो. आपल्याकडे म्हाडाची सोडत असते ना, तशीच. नंबर लागला नाही तर पुढच्या वर्षासाठी एक बोनस गुण. आणि वाळवंटी मेंढा आयुष्यात एकदाच. माझे शेजारी तांब्याच्या खाणीतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, तेवीस वर्षं अर्ज भरताहेत. त्यांची बायको म्हणते, यांचा मेंढा आता वरच भेटणार. दरवर्षी मोजके टॅग मात्र लिलावात जातात, लाखो डॉलरला, आणि ते पैसे मेंढ्यांवरच खर्च होतात. रान सगळ्यांचं म्हणायचं आणि त्यातला एक मेंढा श्रीमंताला विकायचा, हे मला पटत नाही. पण त्या पैशातून बसवलेल्या टाक्या मी स्वतः भरल्या आहेत, त्यामुळे तोंड वर करून बोलायची सोय नाही.

टाक्या कसल्या? डोंगराच्या कुशीत पत्र्याचा किंवा सिमेंटचा उतार करतात, त्यावर पडलेला पाऊस खालच्या टाकीत जातो आणि टाकीतून एका उथळ हौदात. हौदाला उतरण असते, म्हणजे पिल्लू पडलं तरी चढून येतं. पाऊस नाही झाला की टँकर. बार्शीत आमच्या गल्लीत टँकर आला की आई मला घागर देऊन पळवायची. पन्नाशीत इथल्या स्वयंसेवकांबरोबर टँकरमागे पाइप धरून उभी राहिले तेव्हा हसूच आलं. हजार गॅलन म्हणजे पावणेचार टन पाणी, आणि रस्ता म्हणजे दगडांचा ढीग. जिथे गाडी जातच नाही तिथे हेलिकॉप्टर. त्या दिवशी आम्ही चौदा जण होतो, त्यांत अकरा शिकारी. वर्गात हे सांग.

पण हेही सांग, की पाणी ओतलं म्हणजे सगळं सुटतं असं नाही. कोफात २००० साली ८१२ मेंढे मोजले होते, २००६ साली ३९० भरले. केंद्राच्या वन्यजीव खात्याच्या मंजुरीने २००७ साली तिथे दोन नव्या टाक्या बसल्या, तर निसर्गवाद्यांनी दावा ठोकला: हे राखीव अरण्य, इथे माणसाच्या हातचं बांधकाम नको. २०१० साली अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. टाक्यांवाचून गत्यंतरच नव्हतं हे खात्याने नीट दाखवलं नाही, असं न्यायालय म्हणालं. टाक्या भरणारी असूनही मला ते पटलं.

२०१३ च्या नोव्हेंबरात आमच्या गावालगतच्या कातालिना डोंगरात ३१ मेंढे आणून सोडले. तिथले मूळचे १९९० च्या दशकात नाहीसे झाले होते. काही महिन्यांत नव्यांतले निम्मे गेले, बहुतेक प्यूमाच्या, म्हणजे इथल्या डोंगरी सिंहाच्या तोंडी. मग मेंढे मारणारे प्यूमा मारायचे ठरले आणि गावात दोन तट पडले, अगदी माझ्या भिशीतसुद्धा. एकासाठी दुसऱ्याला मारायचा हा हिशेब मला आजतागायत जमलेला नाही. २०२० साली वीज पडून त्याच डोंगरात वणवा लागला, सुमारे १,२०,००० एकर जळलं. वणव्याला नाव काय दिलं होतं, तर बिगहॉर्न.

आणि हे गणित उचलून महाराष्ट्रात आणू नकोस. नान्नजचा माळढोक शिकाऱ्यांचा पैसा नव्हता म्हणून दिसेनासा झाला नाही, माळ गेला म्हणून झाला. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या मचाणावर रात्रभर बसून प्राणी मोजतात, ते केलं नसशील तर आधी ते कर.

प्रश्न : काकू, मी अ‍ॅरिझोनातच चँडलरला असतो, एच-१बी व्हिसावर. ऑफिसातले मित्र हावेलीना नावाच्या डुकरासारख्या जनावराच्या शिकारीला चल म्हणतात. बंदूक हातात घेतली तर व्हिसाला धोका आहे का? रानात रात्री राहायचं तर काय सांभाळू? (एक संगणक अभियंता)

उत्तर : धोका आहे. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत, त्यांत तुमच्या उपयोगाचा एकच: राज्याने दिलेला, तारीख न उलटलेला शिकारीचा परवाना. मित्राची बंदूक ‘जरा धरून’ फोटो काढणंही अंगाशी येऊ शकतं. परवाना खिशात नसेल तर हात खिशात. आणि आधी वकिलाला विचारा. रक्त तपासणाऱ्या बाईच्या सल्ल्यावर ग्रीन कार्डाची रांग पणाला लावू नका. धनुष्यबाण या कायद्याने बंदुकीत मोडत नाही, आणि इथे हावेलीनासाठी धनुष्यवाल्यांची सोडत वेगळी असते. ठासणीच्या बंदुकीवाल्यांचा हंगामही निराळा.

हावेलीना दिसतो डुकरासारखा, पण डुकराच्या कुळातला नव्हे. पाठीवर वासाची गाठ असते, त्यामुळे आधी वास येतो, मग कळप. आपला फड्या निवडुंग काट्यांसकट कचाकचा खातो. नजर अधू. मारलात तर खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं गुन्हा आहे, आणि विकणंही.

रात्रीचं म्हणाल तर पाण्याजवळ तंबू ठोकू नका. हे मी फजिती होऊन शिकले. १९९८ साली मी आणि नवरा आहोच्या अलीकडे मुक्कामाला होतो. (आहो हे गावाचं नाव आहे. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ लसूण. पाटी दिसली की मीच नवऱ्याला हाक मारल्यासारखं वाटतं.) एक पाण्याचा हौद दिसला. बार्शीच्या माणसाला पाणी दिसलं की तो तिथेच पथारी पसरतो. तिन्हीसांजेला खात्याचा माणूस आला, टोपी काढली आणि म्हणाला, “बाई, तुम्ही त्यांच्या दारात बसलाय. ती मंडळी तिकडे झुडपात ताटकळताहेत.” मग त्याने कायदा सांगितला: जनावरांना जवळ दुसरं पाणी नसेल तर त्या पाण्यापासून पाव मैलाच्या आत मुक्काम करायचा नाही. पाव मैल म्हणजे चारशे मीटर. दंड केला नाही. आम्ही अंधारात तंबू उपटला आणि पावलं मोजत गेलो. नवरा प्रत्येक शंभराला थांबून माझ्याकडे बघायचा. चांदणं होतं. तासाभराने दुर्बिणीतून पाहिलं तर नऊ हरणं हौदाला तोंड लावून उभी होती.

आणखी एक. २०२२ पासून इथे शिकारीसाठी झाडाला कॅमेरे बांधायलाही बंदी आहे. काही पाणवठ्यांवर इतके कॅमेरे लागले होते, की जनावर पाणी प्यायला येतंय की फोटो काढून घ्यायला, तेच कळेना. मित्रांपैकी कुणी असा कॅमेरा आणला तर गाडीतच ठेवायला सांगा.

प्रश्न : ताई, आमच्या तुरीत काळविटं शिरतात, आम्हाला हात लावता येत नाही. टेक्सासमध्ये म्हणे पैसे देऊन काळवीट मारतात. खरं का? (एक शेतकरी, करमाळा तालुका)

उत्तर : खरं आहे, दादा. १९३० च्या दशकात काही जमीनदारांनी हौसेने काळविटं नेऊन सोडली. नीलगायीही नेल्या. दोन्ही तिथे माजल्या, कारण जमीन तशीच: खुरटं गवत, काटेरी झाडं, उन्हाळा. तुमच्या बांधावरची वेडी बाभूळ मूळची अमेरिकेकडचीच आहे, तेव्हा हा सौदा दोन्ही बाजूंनी झाला म्हणायचा.

पण टेक्सासची नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन खासगी आहे. बाहेरून आणलेल्या जनावरांना तिथे रानाच्या प्राण्यांचे नियम नाहीत: हंगाम नाही, किती मारायचे याची मर्यादा नाही. रँचवाला दर लावतो, पाहुणा पैसे मोजतो. तिथलं काळवीट रानाचं नाही, मालकाचं आहे. त्याला मी शिकारसुद्धा म्हणणार नाही, कुंपणाआडची ती खरेदी. तरी गंमत बघा, पाकिस्तानात काळवीट संपलं तेव्हा १९७० च्या सुमारास तिथल्या लाल सुहांरा उद्यानात पुन्हा आणली ती टेक्सासचीच. शेजारच्या न्यू मेक्सिकोत तर १९६९ ते १९७७ दरम्यान आफ्रिकेतल्या कलाहारी वाळवंटातल्या वंशाचे ऑरिक्स, म्हणजे लांब सरळ शिंगांची हरणं, लष्कराच्या क्षेपणास्त्र चाचणीच्या मैदानावर सोडले. नव्वदच्या वर सोडले होते, त्यांचे हजारो झाले. आता ते आवरायला दरवर्षी शिकाऱ्यांना बोलवावं लागतं.

तुमच्या तुरीला यातलं काहीच उपयोगी नाही, हे मला कळतं. काळवीट आपल्या कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. नुकसान दिसताच वनखात्याला कळवा, पंचनामा करून घ्या आणि पंचांच्या सह्या झाल्याशिवाय पीक काढू नका. माझ्या भावाने आधी काढलं आणि हात चोळत बसला.

प्रश्न : लेकीच्या बाळंतपणाला मे ते ऑक्टोबर टूसॉनला येते आहे. रोज सकाळी चालायची सवय आहे. साप फार असतात असं जावई म्हणाले. (एक आजी, सांगली)

उत्तर : आजी, जावयांनी खरं सांगितलं, पण अर्धंच. अ‍ॅरिझोनात खुळखुळ्या सापाच्या तेरा जाती आहेत. तरी तुम्हाला खरी भीती उन्हाची. जूनमध्ये पारा चाळिसाच्या वर जातो. उजाडता उजाडता बाहेर पडा, साडेसातच्या आत घरी. तहान लागायच्या आधी पाणी प्या. इथे घाम दिसत नाही, वाळतो, त्यामुळे अंगातलं पाणी गेलेलं कळत नाही.

उन्हाळ्यात साप रात्री आणि झुंजुमुंजू असताना फिरतो, तेव्हा बॅटरी हवीच. दगडामागे हात घालायचा नाही. खुळखुळ वाजलं तर जागीच थांबा, आवाज कुठून येतो ते बघा आणि मग मागे सरा. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, बर्फ लावायचा नाही. थेट दवाखाना. विंचू जांभळ्या प्रकाशाच्या बॅटरीत हिरवट चमकतात. नातवंडाच्या खोलीत रात्री एकदा फिरवा. चपला झटकून घाला.

आणि पदराला एक फणी बांधून आणा, मोठ्या दातांची. हसू नका. चोया नावाचं निवडुंग आहे, नुसता स्पर्श झाला तरी त्याचा गोळा तुटून अंगाला चिकटतो. हाताने काढायला गेलात तर हातात रुततो. काट्यांच्या आणि कातडीच्या मध्ये फणी घालायची आणि फट्‌दिशी उडवायची. माझ्याकडे सासूबाईंची शिसवी फणी आहे, आता केसांत घालायच्या लायकीची राहिली नाही.

जुलैत पाऊस येतो. कोरड्या ओढ्यातून चालू नका. आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि डोंगरात पडलेलं पाणी भिंतीसारखं येतं. इथे १९९५ पासून कायदाच आहे: कठडे लावून बंद केलेल्या पाण्यात गाडी घातली, तर बाहेर काढण्याचा खर्च त्याच माणसाकडून वसूल होऊ शकतो. लोक त्याला ‘मूर्ख गाडीवाल्यांचा कायदा’ म्हणतात. जावयांना वाचून दाखवा.

प्रश्न : रोडरनर पक्षी खरंच कोल्ह्यापेक्षा जोरात पळतो का? (इयत्ता सहावी, लातूर)

उत्तर : नाही रे बाळा. रोडरनर ताशी तीसेक किलोमीटर पळतो, आणि कायोटी, म्हणजे तिकडचा कोल्ह्यासारखा प्राणी, साठच्या पुढे. कार्टूनवाल्यांनी उलटं दाखवलं. पण रोडरनर खुळखुळ्या साप आपटून मारतो आणि गिळतो, ते खरं आहे. साप लांब असेल तर अर्धा चोचीबाहेर लोंबत ठेवून फिरतो, आतला पचेपर्यंत.

प्रश्न : भगवंताच्या बार्शीची बाई एकादशीच्या गप्पा मारते आणि पाखरं मारते! तुम्हाला बंदूक उचलवते कशी? ता. क. : काळा मसाला तिकडे कुठून मिळतो? (एक ज्येष्ठ नागरिक, बार्शी)

उत्तर : काका, राग मान्य. एकादशीला मी बंदूक उचलत नाही, पण ही पळवाट झाली, उत्तर नाही.

कोंबडी मी लग्नापासून शिजवत आले. दुकानातली, प्लॅस्टिकात गुंडाळलेली, मान नसलेली. टाक्या भरायला जाऊ लागले तेव्हा त्या अकरा जणांतल्या एकाने विचारलं, “तुम्ही खाता, मग मारायचं काम दुसऱ्याकडे का?” मला उत्तर सुचलं नाही. वर्षभराने परवान्याच्या वर्गाला नाव घातलं. वर्गात माझ्या शेजारी दहा वर्षांची मुलगी होती, तिला माझ्यापेक्षा जास्त गुण पडले.

पहिल्या मोसमात एक लावा जखमी होऊन मेस्कीट नावाच्या काटेरी झाडांच्या जाळीत गेला. दोन तास शोधला, सापडला नाही. त्या वर्षी पुन्हा गेले नाही. अजूनही घरी परतताना त्या जाळीपाशी गाडी आपोआप हळू होते. आता जवळचाच बार काढते, लांबचा सोडून देते. नियमाने दिवसाला पंधरा मारता येतात. माझे तीन-चार होतात, आणि नवरा शाकाहारी आहे, त्यामुळे तेवढे पुरतात. खाताना छर्रा दाताखाली येतो, तेव्हा कुणाचं काय खातोय हे विसरायची सोय राहत नाही.

हा गॅम्बेलचा लावा, डोक्यावर पुढे झुकलेला काळा तुरा असलेला, हिवाळ्यातल्या पावसावर वाढतो. ऑक्टोबर ते मार्च पाऊस झाला की रानात हिरवा कोवळा पाला येतो, तो खाल्ला की माद्या भरपूर अंडी घालतात. नाही झाला तर थवे जोड्यांत फुटतच नाहीत, पिल्लं नसल्यातच जमा. गेला हिवाळा कोरडा गेला. खात्याने हंगाम उघडला होता, पण मी परवाना काढून घरी बसले. परवान्याचे पैसे कुठे जातात ते वर लिहिलंच आहे. बंदुकीला तेल लावून ठेवलं.

ताज्या कलमाचं उत्तर: नणंद पाठवते, बार्शीहूनच, दिवाळीच्या पार्सलात. खोबरं जरा जास्त भाजते ती, पण परदेशात राहून तक्रार कुठे करायची. लाव्याला अर्धा चमचा पुरतो. जास्त पडला तर सगळं मटणासारखंच लागतं.